हिरड्याचें कुळ

त्रिफळाचूर्ण आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचें आहे. कोणाला तें आजीनें कोमट पाण्याबरोबर घ्यावयास लाविलें असेल, कोणीं तें वैद्याच्या दुकानांतील बरणींत पाहिलें असेल. हिरडा, बेहडा आणि आंवळा या तीन फळांच्या मिश्रणानें तें तयार होतें, हेंही पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु या तिघांपैकीं दोन फळें एका कुळांतलीं असून तिसरें अगदीं परकें आहे, असें सांगितलें तर तें परकें कोणतें, या प्रश्नाचें उत्तर किती जण देऊं शकतील? तिघांची चव तुरट, तिघांचें औषध एक, आणि तिघांचीं नांवें एका दमांत उच्चारण्याची आपल्याला संवय. मग वेगळेपणा ओळखावा कसा?

उत्तर फळाच्या पोटांत आहे. आंवळ्याच्या गरांतील कठीण कवच फोडून पाहिलें तर त्यांत तीन कप्पे आढळतात, आणि सामान्यतः प्रत्येक कप्प्यांत दोन अशा सहा बारीक बिया निघतात. आतां हिरड्याचें कवच फोडून पाहा: कप्पा एकच आणि बीही एकच. बेहड्याचें फोडा: तेथेंही एकच कप्पा, एकच बी. म्हणजे परका ठरला तो आंवळा. हिरडा आणि बेहडा हे मात्र एका घरचे. त्यांच्या त्या घराची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. हें घर आपल्या सह्याद्रींत, कोंकणांत व विदर्भांत इतकें पसरलेलें आहे कीं त्याच्यावांचून आपलीं रानें ओळखूंही येणार नाहींत. आणि त्याचे उपकार घेणारीं आपण माणसें त्याच्याशीं कसें वागतों, हा प्रश्नही ओघानेंच पुढें येतो.

मनुष्याचें कुळ आडनांवावरून कळतें. वनस्पतीचें कुळ नांवावरून कळत नाहीं, उपयोगावरून कळत नाहीं, आणि पुष्कळदां उंची, आकार, पानें इत्यादि बाह्य रूपावरूनही कळत नाहीं. फुलाची रचना आणि फळाची घडण हेंच तिच्या कुळाचें खरें दाखलापत्र होय. तें न वाचतां केवळ उपयोगावरून नातें जोडण्याची चूक मोठमोठ्या जाणत्या लोकांकडूनही झालेली आहे. जुन्या काळीं हिंदुस्थानांतून हीं फळें वाळवून पश्चिमेकडे जात, व युरोपांतील औषधविक्रे त्या सर्वांस ‘मायरोबॅलन’ या एकाच नांवानें ओळखीत. पिवळा, काळा, काबुली, बेहडा आणि आंवळा असे त्याचे पांच प्रकार ते मानीत. त्यांतील काळा म्हणजे आपला कोंवळा बाळहिरडा, आणि काबुली म्हणजे पूर्ण वाढलेला हिरडा! जें एक त्याचे भाग पाडले, आणि आंवळा जो परका तो घरांत घेतला. हिरड्याच्या ‘टर्मिनेलिया चेब्युला’ या शास्त्रीय नांवांतील चेब्युला हा शब्द काबूल या नांवावरूनच आलेला आहे. या फळांचें महत्त्व त्या काळीं किती होतें याची साक्ष गोव्यानेंही दिलेली आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांवर संवादरूपानें एक ग्रंथ लिहिला व तो १५६३ सालीं गोव्यांत छापला. त्यांत या फळांसाठीं त्यानें एक स्वतंत्र संवाद योजिला आहे.

शास्त्रांत या कुळास स्वतंत्र स्थान मिळालें तें १८१० सालीं. तें देणारा रॉबर्ट ब्राऊन हा स्कॉटलंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पाण्यांतील सूक्ष्म कणांची जी अखंड चळवळ पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत त्याच्या नांवानें सांगतात, ती पाहणारा ब्राऊन तो हाच. त्यानें या कुळास कॉम्ब्रेटेसी असें नांव दिलें. मराठींत आपण त्यास हिरड्याचें कुळ म्हटलें तर अनुचित होणार नाहीं.

या कुळांत सुमारें ५०० जाती असून त्या दहाबारा प्रजातींत विभागलेल्या आहेत. त्यांतील बहुतेक उष्ण कटिबंधांत राहतात. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या चारही खंडांत त्यांचा विस्तार आहे. कोणी आकाशाला भिडणारे वृक्ष, कोणी झुडपें, कोणी दुसऱ्याच्या आधारानें चढणाऱ्या वेली, आणि कोणी तर खाडीच्या खाऱ्या चिखलांत पाय रोवून उभीं राहिलेलीं झाडें. इतक्या विविध मंडळींस एकत्र आणणारीं चिन्हें कोणतीं?

पहिलें चिन्ह फुलांत आहे. या कुळांतील फुलें बहुधा लहान, फिकट व कणसासारख्या लांब तुऱ्यांवर गर्दीनें येणारीं असतात. पुष्कळांना पाकळ्याच नसतात. बाहेरच्या हिरवट कोशाचीं चारपांच टोंकें आणि त्यांतून डोकावणारे आठ किंवा दहा केसर एवढाच त्यांचा थाट. बीजकोश फुलाच्या आंत दिसत नाहीं. ज्याला आपण फुलाचा देंठ समजतों तोच वस्तुतः बीजकोश असतो. त्यांत एकच पोकळी असते, आणि तिच्या छतापासून दोन किंवा अधिक बीजांडें बारीक दोऱ्यांनीं टांगलेलीं असतात. त्यांपैकीं बहुधा एकच वाढीस लागतें व बाकीचीं सुकून जातात. म्हणूनच हिरड्यांत व बेहड्यांत एकच बी सांपडते.

दुसरें चिन्ह पानांवर आहे, परंतु तें पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें. या कुळांतील वनस्पतींच्या अंगावरील लवेंत एक विशिष्ट प्रकारचा केंस असतो. तो एकाच पेशीचा, सरळ, अणकुचीदार व जाड भिंतीचा असून त्याच्या बुडाशीं आंतल्या आंत एक निमुळता कप्पा असतो. हा केंस इतका खास आहे कीं नातें ठरवितांना शास्त्रज्ञ त्याच्या साक्षीला मोठा मान देतात.

तिसरें चिन्ह मात्र कोणत्याही विद्यार्थ्यास यंत्रावांचून पाहतां येईल. पुष्कळ शाळांच्या आवारांत देशी बदामाचें झाड असतें. त्याचें वाळलेलें फळ दगडानें जपून फोडावें, आंतील गर अखंड बाहेर काढावा, आणि तो आडवा कापून पाहावा. बींतील दोन दलें एकमेकांवर सपाट टेकलेलीं नसून कागदाच्या सुरळीप्रमाणें गुंडाळलेलीं दिसतील. भुईमुगाच्या शेंगदाण्यांत दोन डाळी कशा समोरासमोर असतात तें आपण रोज पाहतों. त्याशीं ही सुरळी ताडून पाहिली म्हणजे निसर्गाची निराळी शिवण लक्षांत येते.

देशी बदाम हा या कुळांतील आपल्या सर्वांत अधिक ओळखीचा गृहस्थ. त्याचें नांव मात्र फसवें आहे. सणासुदीला खिरींत घालतात तो खरा बदाम गुलाबाच्या कुळांतला. देशी बदामाचा त्याच्याशीं सुतराम संबंध नाहीं. गराची चव थोडीशी मिळते एवढेंच. त्याच्या ‘टर्मिनेलिया कटाप्पा’ या नांवांतील दुसरा शब्द मलायी भाषेंतून आलेला आहे, आणि समुद्रकिनारा हेंच त्याचें खरें माहेर होय. त्याच्या फांद्या खोडाभोंवतीं मजल्यामजल्यांनीं आडव्या पसरतात. पानें गळण्यापूर्वीं तांबडींलाल होतात. फळाची साल बुचासारखी हलकी असल्यामुळें तें समुद्रावर दीर्घकाळ तरंगत राहूं शकतें. १८८३ सालीं इंडोनेशियांतील क्राकाटोआ बेटावरील ज्वालामुखीचा भयंकर स्फोट होऊन तेथील सर्व हिरवळ भस्म झाली. पुढें त्या ओसाड किनाऱ्यावर ज्या झाडांनीं पुन्हां रान उभें केलें, त्यांत हा बदाम होता. वटवाघळेंही हीं फळें दूरवर नेऊन टाकतात. झाड नसलेल्या जागीं सकाळीं चोखलेलीं बदामें पडलेलीं दिसतात, तीं त्यांचींच करणी.

बदामाच्या पानांकडे पाहिलें कीं ‘टर्मिनेलिया’ या प्रजातीच्या नांवाचाही उलगडा होतो. लॅटिन भाषेंत टर्मिनस म्हणजे शेवट. पानें फांदीच्या शेवटीं, अगदीं शेंड्यापाशीं दाटी करून येतात, म्हणून हें नांव. हिरडा, बेहडा, बदाम, अर्जुन, ऐन व किंजळ हीं सर्व या एकाच प्रजातींतलीं भावंडें आहेत.

या भावंडांचीं फळें एका ओळींत मांडलीं तर मोठी मौज दिसते. ऐनाच्या फळाला पांच रुंद, कागदासारखे पंख असतात. तें वाऱ्यावर गिरक्या घेत दूर जाऊन पडतें. अर्जुनाच्या फळालाही पांच पंख, पण ते अरुंद व ताठ. हें झाड बहुधा ओढ्यानदीच्या कांठीं उभें असतें, तेव्हां फळ वाऱ्यापेक्षां पाण्याबरोबर अधिक प्रवास करतें. किंजळाच्या इवल्याशा फळाला तीन पंख असून त्यांतील एक मोठा व दोन लहान. पावसाळा सरला म्हणजे कोंकणांतील डोंगरांचे उतार जे तांबूस दिसूं लागतात, ते पुष्कळ ठिकाणीं या किंजळाच्या फळांच्या घोंसांनीं. आतां वाळलेला हिरडा हातांत घ्या. त्याला पंख नाहींत. पण त्याच्या अंगावर पांच कंगोरे स्पष्ट उठलेले असतात. ऐनाचे पांच पंख आणि हिरड्याचे पांच कंगोरे हीं एकाच घडणीचीं दोन रूपें होत. ज्यांनीं वाऱ्याचा आश्रय केला त्यांनीं पंख पसरले; ज्यांनीं हरिण, वानर व वटवाघूळ यांचा आश्रय केला त्यांनीं पंख मिटून अंगावर गर धरला.

वेलींकडे वळलों तर सह्याद्रींतील उक्षी प्रथम डोळ्यांसमोर येते. उन्हाळ्याच्या आरंभीं ही वेल हिरवट फुलांनीं इतकी बहरते कीं पानें झांकून जातात. तिच्या फुलास पाकळ्या नाहींत; बाहेरच्या कोशाचींच पांच दलें फूल सुकल्यावर वाढत जातात आणि तीच फळाचे पंख बनतात. जाड उक्षीची कांडी तोडली असतां तिच्यांतून पाणी ठिबकतें, आणि रानांत हिंडणारे लोक तहान भागविण्यास त्याचा उपयोग करीत आलेले आहेत.

दुसरी वेल आपल्या दारींच असते. कुंपणावर किंवा गच्चीवर चढवितात ती रंगूनची वेल, जिला पुष्कळ लोक मधुमालती म्हणतात, तीही हिरड्याच्या कुळांतली आहे हें ऐकून पालकांसही नवल वाटेल. तिचीं फुलें संध्याकाळीं उमलतांना पांढरीं असतात, दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतात व त्यापुढें लाल. त्यामुळें एकाच घोंसांत तीन रंग दिसतात. रात्रींच्या पांढऱ्या, सुगंधी फुलांकडे लांब सोंडेचे पतंग येतात, कारण फुलाची नळी लांब असून मध तिच्या तळाशीं असतो. दिवसा रंग पालटलेल्या फुलांवर मधमाशा व फुलपांखरें दिसतात. ही वेल लहानपणीं झुडपासारखी सरळ वाढते आणि मग एकाएकीं चढूं लागते. पान गळलें तरी त्याच्या देंठाचें बूड मागें राहून कांट्यासारखें कठीण होतें, आणि त्याच आंकड्यांनीं ती आधार धरते. तिला पूर्वीं ‘क्विस्क्वालिस’ असें नांव होतें. लॅटिनमध्यें याचा अर्थ ‘कोण? कसा?’ असा प्रश्नच आहे! आतां शास्त्रज्ञांनीं तिला कॉम्ब्रेटम या मुख्य प्रजातींतच समाविष्ट केलें आहे.

असाच फेरविचार आपल्या धावड्याविषयींही झाला. धावड्याचीं फळें अगदीं बारीक असून लहान गेंदासारख्या गोळ्यांत एकवटलेलीं असतात. त्यामुळें त्याची प्रजाति वेगळी मानीत. परंतु वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्याची विद्या हातीं आल्यावर असें दिसून आलें कीं धावडा हा हिरडा व ऐन यांच्या मेळ्यांतलाच आहे, आणि २०१७ सालीं त्याला टर्मिनेलिया प्रजातींत घेण्यांत आलें. चुलत म्हणून मानलेला सख्खा निघाला. कोंकण व गोवा येथील खाड्यांच्या कांठीं खारफुटींत वाढणारें ‘लुम्नित्झेरा’ हें पांढऱ्या फुलांचें लहान झाडही याच गोतांतलें आहे.

आतां या कुळाची आपणांस होणारी मदत पाहूं. तिचें मूळ बहुतेक ठिकाणीं एकाच द्रव्यांत आहे, आणि तें म्हणजे तुरटपणा देणारें टॅनिन. झाड हें द्रव्य आपल्या संरक्षणासाठीं साल, पान व फळ यांत सांठवितें. प्राणिज पदार्थांतील प्रथिनांना चिकटून त्यांस घट्ट करणें हा त्याचा गुण. हिरडा चघळला असतां तोंड आवळल्यासारखें होतें, याचें कारण तो लाळेंतील प्रथिनांवर हाच प्रयोग करीत असतो. कच्चें कातडें दोन दिवसांत कुजूं लागतें. तेंच टॅनिनच्या पाण्यांत मुरविलें म्हणजे त्यांतील तंतू बांधले जाऊन तें वर्षानुवर्षें टिकतें. कोल्हापुरी वहाणांचें कातडें कमावण्याची जुनी रीत अशी कीं तें पिशवीसारखें शिवून टांगावयाचें व त्यांत बाभळीची साल आणि हिरडा यांचें पाणी भरावयाचें. या वहाणांस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या कीर्तींत हिरड्याचाही वांटा आहे.

शाळेशीं तर हिरड्याचा ऋणानुबंध फार जुना. बाजारांतील शाईच्या बाटल्या येण्यापूर्वीं हिरड्याचा काढा आणि हिराकस यांपासून घरोघर शाई करीत. हिराकसांतील लोह व हिरड्यांतील टॅनिन यांचा संयोग होऊन आणि त्यास हवा लागून गडद काळा रंग बनतो. म्हणून ती शाई लिहितांना फिकी दिसे, पण वाळतां वाळतां काळीभोर होई, व पाण्यानें सहज पुसली जात नसे. आंध्रांतील कलमकारीचे कारागीर कापड प्रथम हिरडा घातलेल्या दुधांत बुचकळतात, तें याच गुणासाठीं. मग लोखंडाच्या पाण्यानें काढलेली रेघ कापडावर काळी उठते.

बाजारांत हिरड्याच्या तीन अवस्था प्रसिद्ध आहेत. बी धरण्यापूर्वींच गळलेला किंवा तोडून वाळविलेला तो बाळहिरडा, अर्धवट पिकलेला तो चांभारी हिरडा, आणि पूर्ण वाढलेला मोठा तो सुरवारी हिरडा. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर, आंबेगांव व खेड या तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत महादेव कोळी कुटुंबें उन्हाळ्यांत बाळहिरडा गोळा करितात. पावसाळ्यापूर्वींचा मीठमिरचीचा बाजार व मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च पुष्कळ घरीं याच पैशांतून निघतो. तेथें हिरड्याचें झाड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ कोंकण ओलांडून या डोंगरांवरून गेलें आणि हिरड्याचीं अनेक मोठीं झाडें उन्मळून पडलीं. भाताचें पीक बुडालें तर पुढल्या वर्षीं पुन्हां लावतां येतें. परंतु हिरड्याचें झाड फळावर येण्यास वर्षांमागून वर्षें लागतात. त्या कुटुंबांचें नुकसान किती खोल होतें याची कल्पना यावरून करावी.

बेहडा हा हिरड्याचा थोराड भाऊ. प्राचीन वाङ्मयांत त्याची कीर्ति कांहींशी वाईट आहे. वैदिक काळीं त्याच्या फळांचे फांसे करून जुगार खेळत, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांत जुगाऱ्याच्या दुर्दशेचें वर्णन करणारें सूक्त आहे तें याच फांशांविषयीं. महाभारतांतील नलाख्यानांत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्याच झाडाचीं पानें व फळें मोजून दाखवितो, आणि नळाच्या देहांतून निघालेला कलि त्याच झाडांत शिरतो. बिचाऱ्या झाडाचा यांत काय दोष? रानांतील हरणांस व वानरांस तें पोटभर अन्न देतें. मुलांनीं एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवावी: बेहड्याच्या बींतील गर गोडसर लागला तरी तो फार खाल्ल्यास गुंगी येते, तेव्हां त्या फंदांत पडूं नये.

ऐन हा महाराष्ट्राच्या रानांचा खरा आधारस्तंभ. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची असते, त्यामुळें तो दुरूनही ओळखूं येतो. सुकी रानें पाणी कसें राखतात याचा नमुनाही त्यांत पाहावयास मिळतो. मार्च २०२४ मध्यें आंध्र प्रदेशांतील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानांत वनाधिकाऱ्यांनीं एका ऐनाच्या बुंध्यावरील फुगवटा छेदला असतां आंतून पाण्याची धार उसळली. त्यांस ही खूण सांगितली ती तेथील कोंडा रेड्डी आदिवासींनीं. शास्त्राला रानांतला मनुष्य गुरु भेटला.

विदर्भांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. तिकडे या रेशमास कोसा म्हणतात, व ढीवर समाजांतील कुटुंबांचा हा परंपरागत धंदा आहे. तुतीवरील किडे घरांत टोपल्यांत वाढतात; हे मात्र उघड्यावर, झाडावरच वाढतात. अळी पानें खात चार वेळां कात टाकते, आणि मग फांदीभोंवतीं रेशमाचेंच एक कडें घालून त्यास टांगलेला अंड्याएवढा टणक कोश विणते. तोंवर कावळ्यांपासून, मुंग्यांपासून व अवकाळी पावसापासून तिला जपण्यासाठीं माणसांना दिवसभर झाडाखालीं पहारा करावा लागतो. विदर्भाची करवतकाठी साडी याच कोशांच्या सुताची. वनहक्कांविषयीं २००६ सालीं जो कायदा झाला, त्यानें गौण वनोपजावर रानांत राहणाऱ्या लोकांचा हक्क मान्य केला, आणि त्या यादींत टसर व कोश यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. झाड उभें राहिलें तरच हा हक्क पोटाला अन्न देणार, हें सांगावयास नको.

झाड उभें राहील कीं नाहीं, हें आपण त्याच्यापासून काय घेतों यापेक्षां कसें घेतों यावर अवलंबून आहे. याचें उत्तम उदाहरण अर्जुन. त्याची साल हृदयाच्या विकारावर देण्याची आयुर्वेदांत जुनी परंपरा आहे, व त्यामुळें तिला मोठी मागणी असते. परंतु सालीच्या आंतल्या थरांतूनच पानांनीं तयार केलेलें अन्न मुळांकडे उतरत असतें. बुंध्यासभोंवार गोल साल काढली कीं ही वाट तुटते, मुळें उपाशी राहतात, आणि झाड उभ्याउभ्या मरतें. तेंच एका बाजूनें उभी, अरुंद पट्टी काढली आणि आंतील लांकडास धक्का लावला नाहीं, तर जखम हळूहळू भरून येते. पालकांस येथें एक सूचना करावीशी वाटते. अर्जुनाच्या सालीवर आधुनिक वैद्यकांतही प्रयोग झालेले आहेत, तरी छातींत कळ आली असतां घरच्या घरीं काढा करून बसणें धोक्याचें आहे. प्रथम डॉक्टरकडे जावें, व काढा घ्यावयाचा तर त्यांस सांगूनच घ्यावा.

धावड्याच्या डिंकाची गोष्टही अशीच. हिंवाळ्यांत आई जे डिंकाचे लाडू करते त्यांत पुष्कळदां धावड्याचा डिंक असतो. हा डिंक म्हणजे झाडानें आपली जखम बुजविण्यास पाझरविलेला रस. बेताची खांच पाडली तर झाड ती भरून काढतें. लोभानें घाव घातले तर तें खंगत जातें. कोंकणांत व मावळांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्यास ऐन व किंजळ यांच्या फांद्या दर वर्षीं तोडतात. राखेनें रोपें जोमदार होतात हें खरें. परंतु वर्षानुवर्षें शेंड्यापर्यंत खुडलेलें झाड खांबासारखें उरतें, त्याला फूल येत नाहीं, मग फळ कोठून येणार? बाळहिरड्याचेंही तसेंच. तें फळ बी धरण्यापूर्वींच तोडलेलें असतें. झाडावरील सगळींच फळें बाळपणीं उतरविलीं तर त्या डोंगरावर हिरड्याचें नवें रोप उगवावयाचें कशांतून? म्हणून कांहीं फांद्या पिकण्यास राखून ठेवणें हा भूतदयेचा प्रश्न नसून व्यवहाराचा आहे. जुन्या जाणत्यांनीं तो ओळखला होता. फळासाठीं फांदी तोडणाऱ्यास ते अडाणी म्हणत.

विद्यार्थिमित्रांनो, ज्याची ओळख नाहीं त्याची काळजी कोणी घेत नाहीं. रस्ता रुंद करतांना पडलेलें झाड आपल्याला नुसतें ‘एक झाड’ वाटतें. पण तें अर्जुन होतें, त्याच्या फळाला पांच पंख होते, आणि आजीच्या औषधाच्या पेटींतील हिरडा त्याचा भाऊ होता, हें ज्याला माहीत आहे त्याच्या मनाला चुटपुट लागल्यावांचून राहत नाहीं. तेव्हां येत्या सुटींत मामाच्या गांवीं गेलांत कीं झाडाखालीं पडलेलीं फळें वेंचा, त्यांचे पंख आणि कंगोरे मोजा, कवच फोडून बी किती आहेत तें पाहा, आणि प्रत्येकाचें गांवांतील नांव तेथील वृद्ध माणसांस विचारून वहींत लिहून ठेवा. झाडावरचें एकही पान त्यासाठीं तोडावें लागणार नाहीं. आणि वेंचलेल्यांतील चार बिया परत येतांना ओढ्याच्या कांठीं ओल्या मातींत पुरून आलांत, तर या कुळाच्या ऋणांतून अंशतः तरी उतराई झाल्यासारखें होईल.